नाव कोणाचे, नोंद कोणाची?

नाशिक जिल्ह्याच्या कसमादे पट्ट्यात जमिनीच्या नोंदीविषयी जेवढी जागरूकता आढळते, तेवढी अन्य कोणत्याही कागदाविषयी क्वचितच आढळेल. देवळ्याच्या तहसील कचेरीत सातबाऱ्यावरील एका ओळीसाठी दहा खेटे घालणारा शेतकरी अडाणी नसतो. नोंद चुकली तर पुढच्या पिढीला काय भोगावे लागते, हे त्याने भाऊबंदकीच्या दाव्यांतून पाहिलेले असते. वडील गेले की वारसाची नोंद, खरेदी झाली की फेरफार, सोसायटीचे कर्ज फिटले की बोजा कमी करणे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे कलम १४९ सांगते. ते कलम ज्याने कधी वाचलेले नाही तोही त्याप्रमाणे वागण्याची धडपड करतो.

हाच जागरूक गृहस्थ तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र काढतो, डाळिंबाच्या रोपांची विक्री करतो, मंगल कार्यालय चालवतो किंवा कांद्याचा व्यापार करतो. दुकानाची जागा, विजेचे मीटर, जीएसटीचा क्रमांक, बँकेतील चालू खाते हे सारे तो स्वतःच्या नावे करून घेतो, आणि कागद कपाटात जपून ठेवतो. परंतु दुकानाच्या नावाचे इंटरनेटवर जे डोमेन घेतले आहे ते कोणाच्या नावावर आहे, असे त्याला विचारले तर उत्तर येते, ‘ते तो मुलगा बघतो.’ सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे. तो मुलगा कोण, तो आज कोठे आहे, आणि त्याने नोंद कोणाच्या नावे केली, याची विचारपूस बहुधा झालेलीच नसते.

मालकी नव्हे, भाडेपट्टा

डोमेन आणि संकेतस्थळ या एकच गोष्टी आहेत, हा सर्वसाधारण समज प्रथम दूर केला पाहिजे. संकेतस्थळ ही इमारत मानली तर डोमेन हा तिचा पत्ता होय. इमारत पाडून चार दिवसांत नवी उभी करता येते; पण पत्ताच परक्याच्या हाती गेला, तर येणारा प्रत्येक गिऱ्हाईक त्या परक्याच्या दारात जाऊन उभा राहतो. शिवाय दुकानाची ई-मेल त्याच नावावर चालत असेल, तर पत्रेही त्याच दारात जाऊन पडतात.

या नावांची व्यवस्था उतरंडीची आहे. सर्वांत वर १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही ना-नफा संस्था आहे. तिच्याखाली प्रत्येक शेवटच्या अक्षरगटाची नोंदवही सांभाळणारी एकेक संस्था असते. भारताच्या ‘डॉट इन’ची नोंदवही २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे ‘निक्सी’, ही संस्था सांभाळते. तिसऱ्या पायरीवर रजिस्ट्रार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या असून प्रत्यक्ष गिऱ्हाइकाशी त्यांचा संबंध येतो. नाव घेणाऱ्यास या साखळीत मालकी मिळत नाही, मुदतीचा वापरहक्क मिळतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी तो घेता येतो, आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण न केल्यास तो जातो.

सातबारा आणि डोमेन यांतील मोठा फरक येथेच आहे. शेताकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तरी केवळ त्या विसराळूपणामुळे शेत परक्याच्या नावे चढत नाही. सातबाऱ्यावरची नोंद चुकीची असली तरी मूळ हक्क खरेदीखतावरून, वारसाहक्कावरून दिवाणी न्यायालयात सिद्ध करता येतो. डोमेनच्या बाबतीत व्यवहारापुरती नोंद हाच हक्क असतो. नोंदवहीत ज्याचे नाव आणि ज्याच्या हाती त्या खात्याचा पासवर्ड, तोच धनी. वीस वर्षे पैसे कोणी भरले, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

समजा, लोहोणेरच्या रस्त्यावरील एका रोपवाटिकेने काही वर्षांपूर्वी असे नाव घेतले. नाशिकला अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याच्या मित्राने एका सुटीत संकेतस्थळ उभे करून दिले; आणि सोयीचे म्हणून नोंद स्वतःच्या ई-मेलवर व स्वतःच्या मोबाइलवर केली. पुढे शिक्षण संपले, महाविद्यालयाने दिलेला ई-मेल बंद झाला, नोकरीनिमित्त तो पुण्यास गेला आणि मोबाइल क्रमांकही बदलला. सोडलेला क्रमांक किमान नव्वद दिवस नव्या ग्राहकास दिला जात नाही, ही बाब २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. याचा दुसरा अर्थ असा की नव्वद दिवसांनंतर तो दिला जाऊ शकतो, आणि मग खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. नूतनीकरणाची स्मरणपत्रे निघतात, पण ती बंद पडलेल्या पेटीत जाऊन पडतात. नाव सुटते. कोणी तिसराच ते घेतो, जुनीच छायाचित्रे लावतो, फक्त आगाऊ रक्कम भरण्याचा खाते क्रमांक बदलतो. ऐन हंगामात बागलाणचा, कळवणचा शेतकरी ओळखीचे नाव पाहून रोपांची आगाऊ रक्कम पाठवतो आणि फसतो.

या प्रसंगात त्या मुलाने लबाडी केलेली नाही, रोपवाटिकेच्या मालकानेही नाही. परंतु फसलेला शेतकरी दारात येऊन उभा राहील, तेव्हा हे नाव पूर्वी आपले होते एवढेसुद्धा मालकाला कागदावर दाखवता येणार नाही. कारण त्या नोंदीत त्याचे नाव कधी आलेच नव्हते. नुकसान पैशाचे होते हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान पतीचे होते. आणि तालुक्याच्या गावी व्यापार चालतो तो पतीवरच.

मोठ्यांच्या चुका

ही भीती अतिरंजित वाटत असेल, तर धनाढ्य कंपन्यांचे अनुभव पाहावेत. २४ डिसेंबर १९९९ रोजी मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल सेवेत असंख्य लोकांना प्रवेश मिळेना. त्या सेवेच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले होते. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि सेवा सुरळीत झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये मूळच्या कच्छमधील एका भारतीय तरुणाला ‘गूगल डॉट कॉम’ हे नाव १२ डॉलरला विक्रीस असल्याचे दिसले. त्याने ते घेतले आणि काही क्षण तो त्या नावाचा धनी झाला. तो सज्जन होता, म्हणून प्रकरण बक्षिसावर मिटले. ज्यांच्या पदरी हजारो अभियंते आहेत त्यांच्या हातून हे घडते, तर ज्याच्या पदरी एक हिशेबनीस आणि दोन हमाल आहेत त्याच्या हातून ते घडणार नाही, असे कोणी म्हणावे?

विस्मरणापेक्षा भयंकर प्रकार चोरीचा. अमेरिकेत गॅरी क्रेमेन या गृहस्थांनी १९९४ साली नोंदवलेले एक बहुमोल नाव पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या भामट्याने आपल्या नावे करून घेतले. त्यासाठी त्याने संगणकाचे कोणतेही दिव्य ज्ञान वापरले नाही. नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे एक बनावट पत्र पाठवले आणि कंपनीने शहानिशा न करता नोंद बदलली. बनावट मुखत्यारपत्रावर जमीन विकल्याच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. नाव परत मिळण्यास २००० साल उजाडले. पुढे न्यायालयाने साडेसहा कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पण चोर देश सोडून गेला होता, आणि हुकूमनामा हाती असणे व रक्कम हाती पडणे यांतील अंतर कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको.

आज बनावट पत्राची जागा बनावट ई-मेलने घेतली आहे. ‘तुमच्या नावाची मुदत संपत आहे, येथे पैसे भरा’ असा बिलासारखा दिसणारा निरोप येतो. त्यावरील दुव्यावर पासवर्ड भरला की किल्ली चोराच्या हाती जाते. ‘तुमचेच नाव परदेशात कोणी घेत आहे, त्वरित नोंदवा’ अशी भीती घालून पैसे उकळण्याचा प्रकारही जुना आहे. नोंद आपल्या हाती नसली की यांतील खरे काय आणि खोटे काय हे पडताळण्याचे साधनही आपल्या हाती राहत नाही.

नियम अगदीच निष्ठुर आहेत असे मात्र नाही. ‘डॉट कॉम’सारख्या नावांबाबत मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आधी, पुन्हा आठवडाभर आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना देण्याचे बंधन रजिस्ट्रारवर आहे. नाव वगळले गेल्यावरही तीस दिवस ते जादा आकार भरून सोडवून घेता येते. परंतु या साऱ्या दयेची मदार एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे नोंदीतील पत्ता खरा व चालू असणे. रजिस्ट्रारने माहितीविषयी विचारणा केली आणि पंधरा दिवसांत उत्तर गेले नाही, तर त्या कारणास्तवही नाव स्थगित होऊ शकते. काहींनी तर संपर्काचा ई-मेल त्याच डोमेनवरचा दिलेला असतो. नाव बंद पडले की ई-मेल बंद, आणि नाव बंद पडल्याची सूचना त्याच बंद ई-मेलवर! घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखेच हे आहे.

कायदा आहे, पण उशिरा

कायदा काय करतो, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. भारतीय न्यायालयांनी या विषयाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’ या नावाशी एका अक्षराने वेगळे असणारे ‘रॅडिफ’ हे डोमेन वापरण्यास मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट सोल्यूशन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व मान्य केले. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र पद्धत आहे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

हे सर्व खरे असले, तरी हा उपाय घटना घडून गेल्यानंतरचा आहे. लवादापुढे जावयाचे तर आपला पूर्वीचा हक्क दाखवावा लागतो, वकील करावा लागतो, आकार भरावा लागतो. दरवर्षी साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्चून जे टिकले असते, ते परत मिळवण्यासाठी त्याच्या अनेक पटींनी खर्च करण्याची ऐपत देवळ्यासारख्या गावातील किती दुकानदारांकडे आहे?

रिझर्व्ह बँकेने मात्र हा धोका वेळीच ओळखला असे म्हणावे लागेल. नावांच्या नकला करून ठेवीदारांना फसवण्याचे प्रकार वाढल्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ‘बँक डॉट इन’ या खास नावाची घोषणा केली, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे त्यावर न्यावीत असे सांगितले. ही नावे देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे दिले, म्हणजे वाटेल त्याला ‘बँक’ होऊन बसता येऊ नये. बँकांना रिझर्व्ह बँक आहे. बियाणे-खतांच्या दुकानदाराला, रोपवाटिकेला, खाजगी शिकवणीला अशी कोणी वाली नाही. त्यांना आपली रखवाली आपणच केली पाहिजे.

तालुक्याच्या गावाची आणखी एक अडचण आहे. ‘देवळा’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डीईओएलए’ लिहितो, कोणी ‘डीईव्हीएलए’, तर कोणी ‘डीईव्हीएएलए’. गावाचे नाव जोडून डोमेन घेणाऱ्या दुकानाच्या दोन हुबेहूब नकला अशा रीतीने आयत्याच उपलब्ध होतात. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव मिळू लागल्याने या गोंधळास मराठीपुरता एक पर्याय निर्माण झाला आहे. निदान प्रचलित वर्तनीतील एखादे जादा नाव घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

काम कारकुनी, पण कोणाचे?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टाग्रामवर धंदा चालत असता या डोमेनची उठाठेव कशाला? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ती परक्याच्या ओसरीवर मांडलेली दुकाने आहेत. ओसरीच्या मालकाने उद्या नियम बदलला की पथारी उचलावी लागते. दुकानाच्या नावावर स्वतःचा काही हक्क सांगता येईल अशी जागा डोमेनचीच आहे. ज्यांना ती नकोच असेल त्यांनी न घेणे हे समजण्यासारखे आहे. घेऊन ती बेवारस सोडणे मात्र न घेण्यापेक्षा वाईट, कारण सोडलेल्या नावाला आपल्या पतीचा वास लागलेला असतो आणि चोर त्याच्या मागावर असतो.

उपाय अवघड नाहीत. नोंद दुकानाच्या किंवा मालकाच्या नावे असावी. काम करून देणाऱ्याचे नाव फार तर तांत्रिक संपर्क म्हणून असावे. ई-मेल मालकाचा स्वतःचा आणि त्या डोमेनबाहेरचा असावा, मोबाइल चालू असावा, आणि क्रमांक किंवा पत्ता बदलला की त्याच आठवड्यात नोंदीत तो बदलावा. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. नाव परस्पर दुसरीकडे हलू नये म्हणून रजिस्ट्रारकडे जी कुलपाची सोय असते ती चालू ठेवावी. मुदत एका वर्षाची न घेता काही वर्षांची घ्यावी, आपोआप नूतनीकरणाची सोय करावी, आणि तिच्यावर सर्वस्वी विसंबून न राहता मुदतीची तारीख वहीत लिहावी. पैसे भरल्याची पावती जीएसटीच्या कागदांशेजारी ठेवावी. वर्षातून एकदा, दिवाळीत वहीपूजन होते त्या दिवशी म्हणा, सारी नोंद उघडून वाचावी. जुन्या व्यापाऱ्यांनी वहीला पूजेचा मान दिला, त्यामागे वही म्हणजे पत ही जाणीव होती. डोमेनची नोंद ही त्याच वहीचे एक पान होय.

हे काम दुकानदार एकटा करू शकणार नाही हे उघड आहे, आणि म्हणूनच हा विषय केवळ दुकानदारांचा नाही. तालुक्यातील किती संकेतस्थळे विद्यार्थ्यांनी, शिक्षकांच्या मुलांनी, पतसंस्थेतील एखाद्या हुशार कारकुनाने हौसेने उभी करून दिलेली असतील! ज्याने फुकट काम केले त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु काम करून देणे आणि हवाली करणे यांत फरक आहे. तलाठी बदलून जातो तेव्हा दफ्तराची यादी करून, सह्या घेऊन ते पुढच्याच्या ताब्यात देतो; सजाचे दफ्तर तो बदलीच्या गावी घेऊन जात नाही. संकेतस्थळ बनवणाऱ्या विद्यार्थ्याने हाच शिरस्ता पाळावा. पहिल्याच दिवशी नोंद मालकाच्या नावे करावी, किल्ली त्याच्या हाती द्यावी, आणि मुदत, रजिस्ट्रार व खात्याचे नाव एका कागदावर लिहून द्यावे. ज्याने पूर्वी आपल्या नावे नोंद केली असेल त्याने ती आता बदलून द्यावी. नोंदणीधारक बदलल्यावर काही प्रकारच्या नावांना साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाता येत नाही. म्हणून हे काम मुदत अगदी तोंडाशी येईपर्यंत लांबवू नये.

शाळा आणि पतसंस्था यांनीही स्वतःकडे पाहावे. निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकाच्या खाजगी ई-मेलवर शाळेच्या नावाची नोंद असेल, तर त्यात आणि त्या रोपवाटिकेत काय फरक राहिला? संस्थेच्या कार्यभाराच्या यादीत शिक्के, चेकबुके आणि कपाटांच्या किल्ल्या यांच्या खाली डोमेनची आणखी एक ओळ वाढवण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

देवळा १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. तालुका बदलला की दफ्तरे बदलतात, शिरोलेख बदलतात, शिक्के बदलतात, आणि जुन्या पत्त्यावर गेलेली पत्रे भटकत राहतात, याचा अनुभव येथील कारकून आणि शिक्षक यांना पुरेपूर असणार. नोंद ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नसून माणसाबरोबर तिनेही बदलत राहिले पाहिजे, हा धडा या गावाने कागदावर केव्हाच गिरवलेला आहे. सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढलेले जो एक दिवसही सहन करणार नाही, त्याने आपल्या दुकानाचे नाव वर्षानुवर्षे परक्याच्या खात्यावर राहू द्यावे, ही विसंगती आता संपली पाहिजे. त्यासाठी तहसील कचेरीचा एकही खेटा घालावा लागत नाही. दिवसभराचा गल्ला मोजून झाल्यावर उरलेली अर्धी घटका त्यास पुरेशी आहे.